मालक बोलत नाही, हॉर्न वाजवा

आधीच माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत. आठवीत मी शाळेला रामराम ठोकला, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ नुकतंच सुरू झालं होतं. ते तिथेच राहिलं.

आमच्या गणपती मंडळाच्या स्मरणिकेसाठी मला सांगितलं, ‘नव्या लोकांना उपयोगी पडेल असं लिही. वसईत कुठे राहावं, कुठे खावं, रात्री कुठे जावं. तू रिक्षा चालवतोस, तुला सगळं माहीत.’ मला रस्ते माहीत आहेत, हे खरं. पण वसई स्टेशनच्या स्टँडवर इतकी वर्षं काढल्यावर माहितीपेक्षा किस्सेच जास्त साठतात. समुद्रावरून आलेले पॅसेंजर बसले की सीटखाली वाळू साठते, तसे. कितीही झाडा, निघतातच!

*

पहिली गोष्ट. वसई स्टेशनवर उतरलात म्हणजे वसईत आलात, असं समजू नका. बाहेर आलेला प्रत्येक नवा माणूस विचारतो, “वसई हीच ना?”

याचं उत्तर देणं हे आमच्या इनासमामांचं काम. इनासमामा पाचूबंदरचे, कोळ्याच्या घरातले. पण त्यांना बोट लागते. वडिलांनी चार वेळा समुद्रावर नेलं, चारही वेळा मामांनी जाळ्यातच ओकलं. मग घरच्यांनीच रिक्षा घेऊन दिली.

मामा म्हणतात, “वसई पुढे हाय.”

माणूस पुढे जातो. माणिकपुरात विचारतो. पुढे आहे. पापडीला विचारतो. पुढे आहे. शेवटी वसई गावात पोचून विचारलं, तर तिथला म्हातारा म्हणतो, “वसई होय? ती आता राहिली नाही!”

*

साताऱ्याकडचा तानाजी स्टँडवर नवीन होता. एक ख्रिस्ती आजी रिक्षात बसल्या. म्हणाल्या, “गासला चल.”

गास हे इथलं गाव आहे. तानाजीला काय ठाऊक! त्याने इमानदारीत रिक्षा थेट गॅस एजन्सीच्या दारात उभी केली. वर रांग बघून काळजीने विचारलं, “आजी, पुस्तक आणलंय ना?”

आजींनी पिशवीतून प्रार्थनेचं पुस्तक काढून दाखवलं.

त्याच तानाजीला गणपतीच्या दिवसांत एकाने “होळीला सोड” म्हटलं. होळी म्हणजे वसई गावातला बाजार. पण गासने पोळलेला तानाजी आता हुशार झाला होता. म्हणाला, “काका, सोडतो. पण तोवर फाल्गुनाची वाट बघायला लागेल!”

*

घरांबद्दल लिहायला सांगितलंय. तर, नवी बिल्डिंग कुठलीही असो, ती स्टेशनपासून पाच मिनिटांवरच असते. कागदावर.

एक साहेब गुळगुळीत जाहिरात नाचवत मामांशी भांडायला लागले. “इथे छापलंय, पाच मिनिटं! तुम्ही एवढं भाडं कसं सांगता?”

मामा शांतपणे म्हणाले, “ज्याने छापलंय त्याला बसवून आना. त्याला पाच मिन्टांत पोचवतो. तुमाला येळ लागेल.”

गेले बिचारे. परत आले तेव्हा चेहरा पडला होता. मामांनी विचारलं, “सुमिंग पूल बघितला?”

“कुठला स्विमिंग पूल? मागे तळं आहे. त्यात म्हशी बसल्यात!”

“मंग? पोहायलाच बसल्यात ना!”

*

खाण्याचं. मुंबईची चार पोरं गॉगल लावून आली. “इथलं स्पेशल काय आहे, अंकल?”

“भुजिंग. आगाशीला मिळतं.”

“चायनीज का?”

मामांनी मान हलवली. “हां, चायनीजच. चीनवरून आगाशीला येताना वाटेत पोहे पडले त्यात.”

पोरांनी ते खरं मानलं. भाजलेलं चिकन-पोहे पोटभर खाऊन परत आली आणि एकाने मला गंभीरपणे सांगितलं, “चायनामध्ये एवढी टेस्ट नसेल हां!”

*

आता नाइट लाइफ. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो एका नव्या फ्लॅटवाल्याकडून. टाय लावलेला, नवीन लग्न झालेला.

“रात्री इथे काय असतं हो?”

मामा म्हणाले, “रात्री वीज नसते.”

“तसं नाही. नाइट लाइफ काय आहे?”

“तेच सांगतोय! वीज गेली की अख्खी बिल्डिंग खाली उतरते. पत्ते, गप्पा, भांडनं. मागल्या साली एक लग्न जमलं त्याच्यात. वीज आली की सगळी आपापल्या घरी. वर डासांचा ऑर्केस्ट्रा, त्याला तिकीट नाय!”

*

लग्नावरून आठवलं. हा किस्सा माझाच आहे, आणि तो सांगताना अजून कान गरम होतात.

मी पापडीला राहतो. घरी मी आणि आई. मी बोलायला थोडा कमी. माझ्या लग्नाचं बघायला लागले आणि पहिल्या स्थळाकडचे काका चौकशीला थेट स्टँडवरच आले. चौकशीला शेजारी सोडून लोक स्टँडवर का येतात, देव जाणे! त्यांनी मामांना विचारलं, “मुलगा रात्री घरी असतो ना?”

मला तेव्हा रात्रपाळी होती. मामांनी माझ्या कष्टाचं कौतुक केलं. “रात्री? रात्री त्याला घरी आजवर कोनी बघितला नाय!”

स्थळ मोडलं.

दुसऱ्या स्थळाकडच्यांनी व्यसनाचं विचारलं. मामा भडकले. “व्यसन? तो तोंडातून शब्द भायेर काढत नाय, दारू काय आत टाकेल!” ते लोक मुलगा मुका आहे असं समजून गेले.

मामांना वाईट वाटलं. भरपाई म्हणून त्यांनी दसऱ्याला स्वतःच्या खर्चाने माझी रिक्षा रंगवून दिली. मागे मोठ्या पिवळ्या अक्षरांत लिहून घेतलं, ‘मालक बोलत नाही, हॉर्न वाजवा’.

सगळी वसई हसली. येणारा-जाणारा माझ्या रिक्षाचा रबरी भोंपू दाबून जायला लागला. मामांना ‘हे पुसा’ असं सांगायला मी रोज सकाळी ठरवून निघायचो.

मग आत्याने तिसरं स्थळ आणलं. गिरगावची मुलगी, नाव शुभदा. आत्याने बजावलं, “दिलीप, हे स्थळ गेलं तर मी पुन्हा बघायची नाही.” माझा फोटोही तिने दिला नव्हता. म्हणाली, “फोटोत तू घाबरलेला येतोस. त्यांना समोरच बघू दे.” पुढल्या रविवारी मंडळी येणार होती. मी पेंटरला गाठलं. तो म्हणाला, “सोमवारी सकाळी स्टँडवर येतो आणि पुसून टाकतो.” म्हणजे सगळं व्यवस्थित होतं.

त्या सोमवारच्या आदल्या दिवशी दुपारी, म्हणजे मंडळी यायच्या आठवडाभर आधी, स्टँडवर माझा नंबर पहिला होता. एक मुलगी, तिचे वडील आणि मावशी अशी तिघं रिक्षात बसली. “पापडी.” नशिबाने मामा चहाला गेले होते.

माणिकपूर सुटलं तसं वडिलांनी विचारलं, “पापडीचा दिलीप म्हणून कोणी रिक्षावाला आहे. ओळखता?”

माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. ‘मीच तो’ म्हणायला तोंड उघडलं. त्यातून “हो” एवढंच निघालं.

“कसा आहे?”

हा प्रश्न मला मीसुद्धा कधी विचारला नव्हता. “ठीक आहे.”

मावशी पुढे सरकल्या. “ठीक म्हणजे? पितो का?”

“चहा.”

“मुका आहे म्हणे?”

“नाही,” मी म्हणालो. आणखी काहीतरी बोलून ते सिद्ध करायला हवं होतं. मागे मुलीला खोकला आला. तो खोकला नव्हता.

तिने विचारलं, “आणि वसई कुठे आहे?”

“पुढे आहे.”

“त्याचं घर?”

“तेही पुढेच आहे.”

आता मुलीनेच विचारलं म्हटल्यावर दाखवणं आलं. रिक्षा आमच्या गल्लीत घेतली. आई दारातच अबोलीला पाणी घालत होती. रिक्षा बघून तिचा चेहरा फुलला, झारी खाली ठेवली आणि तिने तोंड उघडलं. “दि—”

मी भोंपू धरला. गल्ली संपेपर्यंत सोडलाच नाही!

“काय हो हे! रस्त्यात कुत्रंसुद्धा नाही,” वडील ओरडले. मुलगी मात्र मागे वळून घराकडे बघत होती. आईने एव्हाना हात हलवायला सुरुवात केली होती. आरशात दिसलं, मुलीनेही जरासा हात वर केला आणि पटकन खाली घेतला.

त्यांना घर बाहेरूनच बघायचं होतं, म्हणून मी त्यांना परत स्टेशनवर आणलं. वडील आणि मावशी तिकिटाच्या खिडकीकडे गेले. मुलगी चपलेचा पट्टा लावायला मागे थांबली. रिक्षाच्या मागे गेली. बराच वेळ तिथेच होती. वाचायला एवढा वेळ लागावा असं ते मोठं वाक्य नव्हतं.

मग ती माझ्या बाजूने पुढे आली. माझ्याकडे बघितलं नाही. हात पुढे करून भोंपू दोनदा दाबला आणि वडिलांच्या मागे निघून गेली.

मामा चहा संपवून येत होते. “कोन रे ती, दिल्या?”

“पॅसेंजर,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटर काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन स्टँडवर आला. मी त्याला चहा पाजला, बरोबर दोन बटर खायला घातले आणि परत पाठवून दिला.