मामांचा नेम आणि बटाटा

समस्त सज्जनांस, विशेषतः पोटभर जेवणाऱ्यांस, कळविण्यात येते की कल्याणात एके वर्षी मराठीच्या शुद्धीसाठी एका गृहस्थाचे बटाट्याशी युद्ध झाले. रक्त सांडले नाही. भाजी थोडी सांडली.

हे गृहस्थ माझे मामा. चातुर्मासात कोणी वांगी सोडतो, कोणी कांदा. मामांनी परके शब्द सोडले. फिरंगी ठाण्यातून केव्हाच गेले, मग त्यांचे शब्द आपल्या तोंडी का, असा त्यांचा सवाल. (सवालही परकाच, पण नेम मामांचा होता, माझा नव्हे.) शब्द निसटला की त्या क्षणापासून दिवसभर उपास, असा दंडही त्यांनीच ठरवला.

पहिल्याच सकाळी विहिरीवरून हाक आली, "अगं, बादली कुठंय?"

बादली हा फिरंग्यांचाच शब्द. झाला उपास सुरू! मामीने विचारले, "उपासाला काय करू?"

"बटाटे उकड."

मी ठाण्याहून मुक्कामाला आलो होतो. म्हटले, "मामा, बटाटाही फिरंग्यांचाच हो!"

उपासात उपास लागला. त्या दिवसापासून मामा बोटाने बोलू लागले.

त्यातच लेकीच्या मुलाचे बारसे आले. पहिला नातू, पुरणपोळीचा बेत! भरल्या घरात शब्द घसरला तर मामांना नातवाच्या पंगतीतून उपाशी उठावे लागणार. त्यामुळे सकाळपासून ओठ घट्ट मिटलेले.

पाने वाढली. मामी तुपाची तपेली घेऊन आली आणि मामांच्या पानाशी थबकली.

"आमच्या कानडी माहेरी याला तुप्प म्हणतात. म्हणजे हेही परकंच. नको ना?"

कोरड्या पुरणपोळीकडे पाहून मामांना कंठ फुटला. "परकं कसलं? घरचंच ते!"

"आणि मी?"

"तू उंबरठ्यावरचं माप ओलांडून आलीस, तेव्हापासून या घरची! भलतंच काय विचारतेस?"

"मग माझ्याबरोबर आलेलं तूपही घरचं."

"हो, हो! वाढ आता!"

पंगत खदखदून हसली. मामीने धार सोडली, ती हात आखडता न घेता. मागून मी बटाट्याची भाजी वाढत येत होतो. मामांचा नेम सांभाळावा म्हणून त्यांचे पान मी अगदी भक्तिभावाने वगळले आणि पुढे सरकलो.

मामांनी माझे धोतर असे ओढले की चमचाभर भाजी खाली पडली, आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असे ते ओरडले, "अरे गाढवा, इकडे वाढ! बटाट्यानंही माप ओलांडलंय!"