सही मोघेसाहेबांची

डॉ. सदाशिवराव मोघे यांची आणि माझी पहिली भेट जर्मनीतल्या आखन शहरात परदेशी लोकांच्या पोलिस कचेरीत झाली. तंत्रविद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये मी मेकॅनिक म्हणून नुकताच लागलो होतो. राहण्याचा परवाना वर्षावर्षाने वाढवून मिळे, आणि नोकरी सुटली की तोही सुटे. खिडकीपलीकडचा अधिकारी काय विचारतो ते मला कळेना. कोरेगावाकडच्या खेड्यात सातवीपर्यंत शिकलेला मी. तेच कागद मी पुन्हा पुन्हा पुढे करीत होतो. रांगेतले एक गृहस्थ पुढे आले, माझ्या वतीने बोलले आणि बाहेर पडल्यावर म्हणाले, "कागद पुरे होते तुमचे. उगीच घाबरलात."

घाबरणे हा माझा स्वभावच आहे. मोघेसाहेबांचे मोठेपण मला त्या भीतीतूनच दिसले, म्हणून तिच्याविषयीही थोडे लिहावे लागेल.

त्यांच्या ध्वनिशास्त्रातील संशोधनावर या गौरवग्रंथात जाणकार लिहितीलच. मला ठाऊक आहेत ते शनिवारचे मोघेसाहेब. एर्विन नावाचा सुतार, त्याची बहीण हेल्गा आणि मोघेसाहेब असे तिघे एर्विनच्या कारखान्यात ब्लूग्रास आणि कंट्री वाजवीत. हे अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखाचे संगीत. युद्धानंतर अमेरिकन शिपायांच्या संगतीत एर्विन ते बँजोवर शिकला होता. हेल्गा गिटार घेऊन गाई. मोघेसाहेब व्हायोलिन शिकले होते सांगलीला, मांडी घालून. या संगीताची रीत अशी की सगळ्यांनी एकाच मायक्रोफोनभोवती उभे राहायचे आणि ज्याची पाळी असेल त्याने पुढे यायचे. साहेबांना उभ्याने वाजवणे जमेना. शेवटी ते रंधा मारायच्या मेजावर मांडी घालून बसत आणि पाळी आली की कमरेतून पुढे झुकत. "डॉक्टर, वाढदिवसाचा केक मांडून ठेवल्यासारखे दिसता," असे एर्विन दर वेळी म्हणे, आणि साहेब दर वेळी "गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणून गज उचलत.

तिघांना आपली तबकडी काढायची होती. कुठलीच कंपनी विचारीना, तेव्हा ध्वनिमुद्रण स्वतःच करून गावातल्या लहानशा कारखान्यातून थोड्या प्रती काढायचे ठरले. मोघेसाहेबांनी आपल्या सहीने विद्यापीठातल्या आपल्या ध्वनिशास्त्र संस्थेचा टेपरेकॉर्डर एका रविवारापुरता आणला. तो चालवण्याचे काम माझ्याकडे आले.

नव्या कामाच्या आधी नारळ वाढवायचा, हे मला कोणी सांगावे लागत नाही. बाजारातून मुद्दाम शोधून आणलेला नारळ मी गणपतीचे नाव घेऊन मेजाच्या लोखंडी कोपऱ्यावर आपटला. पाणी उडाले ते थेट झाकण उघडलेल्या रेकॉर्डरमध्ये. फिरती चाके थांबली.

त्याच आठवड्यात परवान्याची मुदत संपत होती. पत्नी आणि मुलीची बोटीची तिकिटे निघाली होती. संस्थेचे यंत्र बुडवणाऱ्या मेकॅनिकला कोण ठेवून घेईल? ज्या देवाचे नाव घेतले होते त्याचीही त्या क्षणी मला भीती वाटली.

एर्विन म्हणाला, "आल्झो, तर मग वाळवा, परत करा आणि गप्प बसा. कोणाला कळतंय?" मलाही तेच हवे होते. मी साहेबांकडे पाहिले. ते मेजावरून उतरून माझ्याजवळ आले.

"गणपतराव, आधी यंत्र उघडा. बोलायचं ते उद्या बोलू. पण बोलायचं."

मी स्क्रू काढले. हेल्गाने केस वाळवायचे यंत्र आणले. तास-दीड तासाने चाके फिरली. दुपारभर ध्वनिमुद्रण झाले. साहेब मेजावरून शांतपणे वाजवीत होते, आणि मी चाकांवर डोळे ठेवून मनात रामरक्षा म्हणत होतो.

सोमवारी संस्थेच्या प्रमुख प्राध्यापकांच्या दाराशी माझी पावले अडली. साहेब म्हणाले, "सही माझी आहे, तेव्हा मला जायलाच हवं. तुम्ही या असं मी म्हणणार नाही, येऊ नका असंही नाही." ते आत गेले. दार अर्धवट उघडे होते. हलगर्जीपणा आपला झाला, एवढेच ते सांगत होते. माझे नाव त्यांनी घेतले नाही. आणखी थोडा वेळ बाहेर उभा राहिलो असतो तर सगळे निभावले असते. पण तसे निभावलेले मला आयुष्यभर पेलले नसते. मी आत गेलो आणि मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये नारळाची हकिगत सांगितली. प्राध्यापकांनी यंत्र लावून पाहिले, बराच वेळ ऐकले आणि मला कामावर जायला सांगितले. नोकरी राहिली. परवाना वाढला.

पुढची दोन वर्षे संस्थेतील एकही वस्तू मोघेसाहेबांच्या सहीवर बाहेर जाऊ नये, असा हुकूम त्या दिवशी निघाला होता. साध्या मायक्रोफोनसाठीही त्यांना आपल्याहून लहान माणसाची सही मागावी लागे. हे मला भांडारातल्या कारकुनाकडून फार उशिरा कळले. मी विषय काढला तेव्हा साहेबांनी माझ्या मुलीची शाळा कशी चालली आहे ते विचारले. ती त्यांना मोघेकाका म्हणते. ते मराठीत बोलतात, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि दोघांचे उत्तम जमते.

आज त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत दुखू लागले तेव्हापासून माझी जुनी भीती पुन्हा सोबतीला आली आहे. रोज देवापुढे हात जोडले की मी आधी स्वतःच्या घरासाठी मागत असे. भित्र्या माणसाची ती खोड असते. हिवाळ्यापासून तो क्रम बदलला आहे. आधी मोघेसाहेबांना उदंड आयुष्य, निरोगी छाती आणि गज धरण्याइतके बळ; आमचे मागणे त्यानंतर.