मारियम्माच्या मंडलातलं औषध

त्या दिवशी मी पुन्नैनल्लूरला मारियम्मा देवीच्या देवळात नमस्कार करायला नाही, भांडायला गेले होते. त्याला देवीचा अनुभव म्हणावं का, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. माझं लिहिलेलं मराठीही कच्चंच आहे. आमच्याकडे तंजावुरात मराठी घरात बोलतात, लिहितं क्वचित कुणी. तरी झालं तसं सांगते.

माझी आई राजवाड्यामागच्या गल्लीत घरीच ब्लाउज शिवते. लहानपणापासून तिला दिवेलागणीनंतर दिसत नसे. पुढे दोन्ही बाजूंचं दिसणं गेलं आणि आता मधलंही धूसर होऊ लागलं. दृष्टिपटलाचा आजार, आजोबांकडून आलेला. घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, म्हणून उपायही मलाच माहीत असणार असं सगळ्यांना वाटे. मी फोनवर वाचत बसे. डोळ्याजवळच्या त्वचेवरून सौम्य वीज देतात, प्रकाशाचे उपचार करून बघतात. सुई नाही, शस्त्रक्रिया नाही. आणि शेवटी हटकून एक ओळ, की प्रयोग अजून चालू आहेत. मला संताप येई. इथल्या राजाच्या मुलीची गेलेली दृष्टी मारियम्माने परत दिली, हे ऐकत आम्ही वाढलो. राजाची मुलगी हिला दिसली. शिवणकाम करणारी बाई दिसली नाही?

आईच्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी मात्र खोटी आशा दाखवली नाही. गेलेल्या पेशी परत येणार नाहीत, असं त्या म्हणाल्या. पण दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज आहे, ती थेंबांनी उतरू शकते. सगळ्यांना गुण येतोच असं नाही. दिवसातून तीनदा घालायचे, चुकवायचे नाहीत. आईला गुण आला. दोन महिन्यांनी तिने सुईत दोरा स्वतः ओवला आणि मला हाक मारून दाखवला. त्यानंतर काही आठवड्यांतच ती पुन्हा हुक चुकीच्या बाजूला लावू लागली. मी मनातल्या मनात डॉक्टरबाईंना दोष देत तिला तपासणीला नेलं. त्यांनी डोळे पाहिले आणि विचारलं, "थेंब बंद केले का?" आईने मान हलवली.

बाहेर बसथांब्यावर मी तिला धरलं. "सांग ना, का बंद केलेस?"

"मंडल चाललंय की गे," ती हळूच म्हणाली. "अठ्ठेचाळीस दिवसांचं व्रत धरलंय मी. मारीच्या व्रतात औषध घेत नाहीत."

आमच्याकडे अंगावर कांजिण्या आल्या की देवी घरी आली म्हणतात. कडुलिंब चालतो, औषध चालत नाही. तोच नियम आईने डोळ्यांना लावला होता. एकतीस दिवस. मी सकाळी कॉलेजला निघताना "थेंब घातलेस?" विचारायची आणि ती "हो" म्हणायची. मी कधी बाटली उचलून पाहिली नाही. भर थांब्यावर मी तिच्यावर ओरडले. ती एवढंच म्हणाली, "आता देवळात ने. तिथं बोल काय ते."

देवळाच्या दारापाशी एक बाई पातळ चांदीच्या पत्र्याचे डोळे विकत बसली होती. डोळ्यांसाठी नवस बोलणारे ते देवीला वाहतात. आईने एक जोडी उचलली आणि माझा तोल पुन्हा गेला. "पत्र्याचे डोळे वाहा हिला! खरे घालवून बस!"

"ए पाप्पा, ए पोरी," ती बाई तमिळमध्ये म्हणाली, "तुझ्यापुढं आतली घंटा ऐकू येईना झालीय. झालं काय?"

मी सगळं सांगितलं. ती आईला हसेल, अशी माझी इच्छाही होती, ते कबूल करते. ती हसली नाही. तिने आईच्या हातातले डोळे काढून परत ताटात ठेवले.

"अक्का, आत सध्या काय चाललंय? मारियम्माची मूर्ती वारुळाच्या मातीची. तिला पाणी चालत नाही, म्हणून औषधी तैल लावतात ना? अठ्ठेचाळीस दिवस झाकून घेऊन ती मुकाट लावून घेते. एक दिवस चुकवत नाही. आणि तू तिच्या नावानं औषध सोडलंस? तू तिच्याहून मोठी सामी, मोठी देवी का?"

आईने रिकामा हात पदराला पुसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाटली आणलीस का गे?"

बाटली माझ्या पिशवीत होती. तिथंच पायरीवर आईने मान मागे टाकली, त्या बाईने तिचं कपाळ धरलं आणि मी थेंब घातले. पहिला थेंब गालावर पडला. "नीट घाल," बाई म्हणाली, "देवीचं लक्ष आहे."

पुढच्या तपासणीत सूज थोडी उतरलेली निघाली. सगळी नाही. बाजूचं दिसणं गेलं ते गेलंच. त्या बाईला मारियम्माने बोलायला लावलं की ती रोजच सगळ्यांना असं सुनावते, मला माहीत नाही. त्या दिवशी ती तिथं होती, याबद्दल मात्र मी ऋणी आहे.

माझा राग गेलेला नाही. देवीला शरण जाणं म्हणजे हातातलं सगळं सोडून देणं, असं आईला वाटलं होतं. आणि मला ती हार वाटायची. आता दिवसातून तीनदा मी थेंब घालते, आई डोळे मिटते आणि औषध वाहून जाऊ नये म्हणून मी तिच्या डोळ्याचा नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं हलकेच दाबून धरते. माझं काम तेवढंच. त्या मिटल्या पापणीआड काय होतं, ते माझ्या हातात नाही. ती दोन मिनिटं मी काही मागत नाही, भांडतही नाही. नुसती धरून बसते.