पापडांच्या दुपारी झालेली भूमितीची उजळणी

या सदरातले अनुभव मी दर वेळी वाचते आणि दर वेळी हसते, हे आधीच सांगून टाकते. राग मानू नका. मी जन्मभर जळगावात भूमिती शिकवली आहे. पक्ष काय, साध्य काय आणि सिद्धता कुठे आहे, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. वडावरची हडळ, अमावास्येची हाक, मागून येणारी पैंजणं... यातल्या एकालाही मी दहापैकी दोनच्या वर मार्क दिलेले नाहीत. देवाला हात जोडते, कानबाईचे रोट न चुकता करते, पण भूतबाधा म्हणजे रिकाम्या डोक्याचे उद्योग असं माझं मत होतं, आणि बऱ्याच अंशी अजूनही आहे.

तरी लिहायला बसले, त्याचं कारण माझ्या नातीची शाळा. तिथे परवा 'लास्ट मिनिट रिव्हिजन' या विषयावर एक तरुण मुलगा पालकांना काहीबाही सांगत होता – रंगीत पेनं, चार्ट, मध्येमध्ये ब्रेक. मला पाहून म्हणाला, "आजी, तुमच्या वेळी कोणती स्ट्रॅटेजी होती?" मी म्हटलं, पापड. सगळे हसले. त्याला पूर्ण उत्तर द्यायला तिथे वेळ नव्हता, म्हणून इथे देते.

साठचं दशक संपत आलं होतं. मॅट्रिक तेव्हा अकरावीला असायची. आम्ही धुळ्यात एका बोळात राहायचो – धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर, दोन खोल्या, पुढे लांबलचक ओटा. मूळचे आम्ही सोनगीरचे. माझे वडील जिनिंगमध्ये कामाला होते, त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो. आईला माय. घरात अहिराणी, शाळेत शुद्ध मराठी, असा दुहेरी कारभार.

त्या वर्षी मला चाळीसगावचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा काही वाईट नव्हता, घरचं किराणा दुकान, माणसं खाऊनपिऊन सुखी. पण मला मास्तरीण व्हायचं होतं. भाऊंनी त्या लोकांना निकालापर्यंत थांबायला सांगितलं, आणि मलाही समोर बसवून सांगितलं की पास झालीस तर तू म्हणशील तितकं शिकवीन, नापास झालीस तर ज्येष्ठात लग्न, मग रडायचं नाही. भाऊंचा शब्द दोन्हीकडून पक्का असायचा. आणि माझी अवस्था अशी, की बाकी सगळे विषय तोंडपाठ, पण प्रिलिमला भूमितीत सपशेल आपटलेले. हो, याच भूमितीत! माझ्या विद्यार्थिनींना हे आज पहिल्यांदाच कळत असेल.

वेळापत्रक शाळेत सांगितलं तेव्हा मी तापानं फणफणले होते. शकुंतला नावाच्या मैत्रिणीनं घरी येऊन ते तोंडी सांगितलं. तिच्या सांगण्याप्रमाणे पहिले सगळे पेपर बिनचूक झाले. आता गणिताचे दोन उरले होते – आधी बीजगणित, मग एक दिवस मोकळा, आणि शेवटी भूमिती. तो मोकळा दिवस मी भूमितीसाठी राखून ठेवला होता. माझी सगळी भिस्त त्या एका दिवसावर होती.

आणि गणिताच्या पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी आमच्याकडे पापड निघाले.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. उडदाचे पापड एकटीदुकटीचं काम नव्हे. आमच्या बोळात प्रत्येक घराची पाळी असायची. तुम्ही सगळ्यांच्या घरी जाऊन लाटायचं, मग तुमच्या पाळीला सगळ्या तुमच्याकडे. पाळी चुकली तर त्या वर्षी पापड नाहीत, आणि वर बोलणी वेगळी. त्यामुळे पोरीचा पेपर आहे म्हणून पाळी हलवा, असं म्हणायची मायची प्राज्ञा नव्हती. मी फुरंगटून बसले. मायनं साफ सांगितलं, तोंडानं अभ्यास कर, हातानं लाट्या कर.

या पापडांच्या बैठकीची एक रीत होती. येणारी बाई आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन यायची, जागा मिळेल तिथे बसायची, आणि लाट्या ओढून कामाला लागायची. कुणाची नणंद माहेरपणाला आलेली असे, कुणाची भाची, कुणाची विहीण. त्याही मदतीला येत. अशा बाईला 'तू कोणाची गं' म्हणून विचारणं म्हणजे आपल्या दारात आलेल्या हाताचा अपमान. कुणी विचारत नसे. चहा द्यायचा, लाट्या पुढे सारायच्या, झालं.

दुपारची जेवणं आटोपली आणि ओटा, पुढची खोली बायकांनी गच्च भरली. दोऱ्यानं लाट्या कापल्या जात होत्या, हिंगाचा वास सुटला होता, शेजारच्या मारवाडीणकाकू खार जास्त पडल्याचं सगळ्यांना पुन्हापुन्हा सांगत होत्या. मी दारापाशी बसून मोठमोठ्यानं इतिहास म्हणायला लागले. इतिहासाचा पेपर तर होऊन गेलेला होता! पण तो मला यायचा, बायका कौतुक करत होत्या, आणि पोरीला हुशार म्हटलेलं कुणाला नको असतं? मग थोडं बीजगणित म्हटलं. तेही यायचं.

माझ्या शेजारी एक बाई लाटत होती. गव्हाळ वर्णाची, साधं नऊवारी लुगडं, कपाळावर बारीक कुंकू, वय मायपेक्षा थोडं जास्त. हात फार सफाईचा – पापड पोळपाटावर आपसूक फिरायचा. तिचे दहाबारा पापड लाटून झाले. मग मान वर न करता म्हणाली,

"तू जे म्हनी ऱ्हायनी ते तुले येस. जे येत नही ते म्हन."

मला झोंबलंच. मी सांगितलं की मावशी, येत नाही ती भूमिती, पण तिचा पेपर तेरवा आहे, उद्या बीजगणित आहे.

"उद्या भूमिती शे," ती म्हणाली. आवाजात वाद नव्हता.

मी पुन्हा समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, एक पापड बाजूला टाकला, दुसरी लाटी घेतली आणि म्हणाली, बरं, पण तरी म्हण. आता मोठ्या बाईला किती वेळा नाही म्हणणार? मी म्हणायला लागले. वर्तुळाबाहेरच्या बिंदूपासून त्या वर्तुळाला काढलेले स्पर्शिकाखंड समान असतात. मी ते गाडी सुटल्यासारखं घडाघडा म्हटलं, कारण पाठ होतं. कळलेलं एक अक्षर नव्हतं.

"काब्र?" तिनं विचारलं. का म्हणून.

मी पुढची ओळ म्हटली. तिनं पुन्हा तेच विचारलं. प्रत्येक ओळीला 'काब्र'. तिला भूमिती येत होती असं मी म्हणणार नाही, तिनं एकही उत्तर सांगितलं नाही. पण मी नुसती ओळ म्हटली की ती थांबायची, आणि मला स्वतःला कळून मी बोलले की तिचं लाटणं पुढे सरकायचं. शेवटी मी वैतागून तिच्या पोळपाटावरच्या पापडाला माझं लाटणं कडेनं टेकवलं आणि म्हटलं, ही बघा स्पर्शिका, फक्त एवढ्याच ठिकाणी शिवते, आणि मधून इथपर्यंत रेघ काढली तर काटकोन होतो... आणि बोलता बोलता मला ते सगळं लख्ख दिसलं. दोन काटकोन त्रिकोण, कर्ण एकच, त्रिज्या सारख्या. मग एकरूप होणार नाहीत तर काय होतील? वर्षभर बाईंनी फळ्यावर जे डोकं फोडून शिकवलं होतं, ते मला उडदाच्या पापडावर कळलं.

त्यानंतर मला थांबवणं कुणाला शक्य नव्हतं. मी एकामागून एक प्रमेय घेत गेले, ती विचारत गेली. परिघावरचे कोन, चक्रीय चौकोन, समरूप त्रिकोण – उन्हं ओट्यावरून उतरेपर्यंत अख्खी भूमिती झाली. इतका आनंद मला अभ्यासात आधी कधी झाला नव्हता. बायका पापड गोळा करायला धाब्यावर गेल्या, तेव्हा ती उठली, लुगड्याचं पीठ झटकलं. मी गमतीनं विचारलं, मावशी, एवढं विचारलंत, तुमचा पेपर कसा गेला होता?

ती हसली नाही. "माना पेपर ऱ्हायी गया," म्हणाली. "लगीन व्हतं. माले बसू दिन्हं नही."

आणि पोळपाट काखेत घेऊन ओट्याच्या पायऱ्या उतरून गेली. मी हात धुवायला आत वळले.

दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या शाळेत गेले. वर्गात जागेवर बसले आणि हातात पेपर पडला – भूमिती.

शकुंतलेनं सांगताना शेवटचे दोन पेपर उलटसुलट सांगितले होते. बिचारीनं मुद्दाम केलं नव्हतं. तिचं स्वतःचं वेळापत्रक बरोबर होतं, मला सांगताना जीभ घसरली. माझ्या आसपासच्या सगळ्या मुलींना आज काय आहे ते माहीत होतं. आदल्या दुपारची उजळणी झाली नसती, तर मी तिथेच हातपाय गाळले असते. त्याऐवजी मी पेन उघडलं आणि लिहायला लागले. स्पर्शिकेचं प्रमेय होतं, पण त्याचं मला विशेष नाही, ते एक वर्षाआड येतच असे. विशेष याचं, की प्रश्न फिरवून विचारलेले असूनही मी एकदाही अडले नाही. मनातल्या मनात 'काब्र' विचारायचं आणि पुढे जायचं. संध्याकाळी भाऊंनी विचारलं, "बठ्ठा पेपर लिखा का?" मी म्हटलं, बठ्ठा, सगळाच्या सगळा.

मग मायला म्हटलं, त्या मावशीला सांगून येऊ. त्या कुणाकडच्या?

माय म्हणाली, मारवाडीणकाकूंकडे आलेली पाहुणी असेल, त्यांच्याच मागोमाग आत आली. काकूंकडे गेले, तर त्या म्हणाल्या, ती तर समोरच्या अक्कांबरोबर बोलत होती, मी समजले त्यांची वहिनी. अक्का मायला विचारायला स्वतः आमच्या दारात आल्या. "ती तं तुमनी सोनगीरनी पाहुनी व्हती ना?" बोळातल्या एकूण एक घरी मी विचारून आले. सगळ्यांनी तिला पाहिलं होतं. तिला चहा मिळाला होता, कुणी तिच्या हाताचं कौतुकही केलं होतं. आणि प्रत्येकजण धरून चालली होती, की ती दुसऱ्या कुणाची तरी आहे. आमच्या बोळात मॅट्रिकला बसलेली मी एकटीच होते, म्हणजे वेळापत्रक दुसऱ्या कुण्या घरून तिच्या कानावर गेलं म्हणावं, तर तसंही नाही. सोनगीरला निरोप धाडला, तिकडूनही कुणी आलेलं नव्हतं.

मायला याचं भय वाटलं नाही. तिला वाईट वाटलं ते एवढंच, की दिवसभर लाटून ती बाई पापड न घेता गेली.

निकाल लागला. गणितात मला इतके मार्क होते की भाऊंनी तो कागद दोनदा डोळ्यांजवळ नेला. दुसऱ्या दिवशी ते स्वतः चाळीसगावला जाऊन त्या लोकांना नको म्हणून सांगून आले. परत आल्यावर त्यांनी मला कॉलेजचा फॉर्म कुठे मिळतो ते विचारलं. मी मोरीत जाऊन पोटभर रडले.

आता माझी बाजू. योगायोग मी मान्य करते. ती वाट चुकून आलेली कुणी असेल, 'उद्या भूमिती' हे नुसतं तोंडून निघून गेलं असेल. पन्नासेक वर्षं मी हे सगळं उलटसुलट मांडून पाहिलं आहे. प्रत्येक ओळीचं कारण देता येतं, आणि सगळ्या ओळी एकाखाली एक लिहिल्या की सिद्धता काही पुरी होत नाही.

पुढे मी शिक्षिका झाले. दर वर्षी एखादी तरी मुलगी अशी निघायची, की परीक्षेच्या तोंडावर तिच्या घरी लग्न ठरायचं आणि ती शाळेत यायची बंद व्हायची. कधी असोद्याची, कधी जळगावातलीच. मी कोणत्याही बापाशी भांडले नाही. शनिवारी दुपारी त्यांच्या घरी जाऊन बसायचे, हाताशी येईल ते काम करायचे, शेंगा फोड, गहू निवड, आणि त्या मुलीला म्हणायचे, म्हण गं जे येत नाही ते. बाप येता-जाता ऐकायचा. पेपरच्या दिवशी मुलगी वर्गात असायची. माझ्या वर्गातल्या एकाही मुलीचा पेपर राहिला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

ती बाई कोण होती, हे मला आजही सांगता येत नाही. ती कशासाठी आली होती, ते मात्र कळलं.