तुम्ही घरी कोणती द्राक्षं खाता?

चिनी भाषा शिकून मला चौदा वर्षं झाली, पण तिच्या जोरावर मी आजवर फक्त चाकणच्या कारखान्यांतल्या बैठकीच्या खोल्या पाहिल्या. त्यामुळे तासगावच्या दस्तगीरभाईंचा फोन आला, ‘चीनच्या एक म्याडम द्राक्षं बघाया येणार हायत, दोन दिवस दुभाषी पायजे,’ तेव्हा मी मानधन विचारायच्या आधीच हो म्हणून बसले. फेब्रुवारी महिना, बागा ऐन काढणीत, आणि गाडी दुसऱ्याची. असा योग रोज येत नाही.

दस्तगीरभाई दहा बागायतदारांचा माल घेऊन परदेशात पाठवतात. चीनला माल धाडायची ही त्यांची पहिलीच वेळ. पाहुण्या लिनबाई पन्नाशीच्या, बुटक्या, पायात जाडजूड बूट. त्यांच्या शहरातल्या फळांच्या दुकानांसाठी त्या देशोदेशीचा माल निवडतात. पुण्यात सकाळी सहाला गाडीत बसल्या आणि मला एवढंच म्हणाल्या, ‘लोक बोलतील ते सगळं सांगायचं. गाळायचं नाही.’

खंबाटकी चढून साताऱ्यात पोहोचलो तेव्हा नऊ वाजले होते. मिसळ त्यांनी तर्री बाजूला ठेवून खाल्ली. कंदी पेढ्यांच्या दुकानात मात्र त्यांनी खोक्यावरचा मजकूर बोटाने दाखवत विचारलं, हे बनवतं कोण? मालक म्हणाले, ‘मागंच भट्टी हाय, या की.’ लिनबाई खरोखरच मागे गेल्या, कढई पाहिली, खवा भाजणाऱ्या माणसाला तो स्वतः पेढे खातो का, असं माझ्याकडून विचारवलं. तो लाजून म्हणाला, ‘लय खाल्लं, आता डाक्टर नको म्हंत्यात.’ मग त्यांनी दोन किलो घेतले.

कऱ्हाडच्या पुढे महामार्ग सोडून ताकारी, कुंडल, पलूस असा रस्ता धरला. तुम्ही जाणार असाल तर हाच धरा. ऊस संपत संपत द्राक्षं सुरू होतात, आणि वाटेत कुठल्याही साध्या खानावळीत अख्खा मसूर न्‌ भाकरी दीडशे रुपयांत पोटभर मिळते. फक्त उसाच्या ट्रॉल्यांना मागून घाईने ओलांडू नका.

तासगावात दस्तगीरभाईंच्या शेडवर दुपारी पोहोचलो. पन्नास-एक बाया घडातले खराब मणी कात्रीने काढत होत्या. दस्तगीरभाईंनी टेबलावर दोन रिकाम्या पेट्या ठेवल्या. एकीवर देवनागरीत जिल्ह्याचं नाव, दुसरीवर युरोपातल्या एखाद्या गावाचं वाटावं असं सोनेरी इंग्रजी नाव, त्यांनी स्वतःच जुळवलेलं.

‘इचारा त्यास्नी, कंची चालंल?’

लिनबाई त्या दिवसात पहिल्यांदाच हसल्या. ‘आमच्याकडे हेच चालतं. बूट आमच्या गल्लीत शिवायचे आणि नाव इटलीचं द्यायचं.’ त्यांनी देवनागरी पेटीवर हात ठेवला. ‘ही अक्षरं माझ्या गिऱ्हाइकाला वाचता येणार नाहीत. म्हणून हीच चांगली.’

लॉजवर जाताना मी न राहवून विचारलं, तुमच्या लोकांना बाहेरचा माल एवढा का आवडतो? प्रतिष्ठा म्हणून?

‘भेट द्यायची असली की प्रतिष्ठा,’ त्या म्हणाल्या. ‘पण तान्ह्या बाळासाठी दुधाची पावडर घेणारी आई कुणाला दाखवायला घेत नाही. आमचा माल कसा बनतो ते तिला ठाऊक असतं. तिचा भाऊ, नाहीतर नणंद तिथेच कामाला असते. तुमचा कसा बनतो ते ठाऊक नाही, एवढंच.’ त्या पुढे म्हणाल्या, ‘माझे वडील काकडी पिकवायचे. शहरासाठी वेगळी, घरासाठी वेगळी. मी सात वर्षांची होते, चुकीच्या वाफ्यातली खाल्ली म्हणून त्यांनी मला मारलं. म्हणून मी कुठेही गेले तरी एकच प्रश्न विचारते.’

तो प्रश्न मला त्या क्षणी कळला आणि दुसऱ्या दिवसाची धास्तीच वाटू लागली.

सकाळी मणेराजुरीवरून कवठे महांकाळच्या अलीकडे हणमंतरावांच्या मळ्यावर गेलो. हणमंतराव फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, ताठ कण्याचे. लिनबाईंना पाहून क्षणभर थबकले, मग मला म्हणाले, ‘आठ वर्सं वर बर्फात ह्यांच्या माणसांम्होरं बंदूक घिऊन उभा हुतो, ताई. आता ह्यांस्नीच माल इकायचा. गंमतच की!’

मी भाषांतर केलं, ‘ते म्हणतात, स्वागत आहे.’

लिनबाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. ‘त्यांचं वाक्य बरंच लांब होतं,’ त्या म्हणाल्या. मी खरं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि हणमंतरावांकडे वळून म्हणाल्या, ‘तिथे फार थंडी असेल.’ हे मराठीत ऐकल्यावर हणमंतराव पहिल्यांदा सैल झाले.

बाग देखणी होती. काळी, लांबट, बोटाएवढी द्राक्षं, घडांना कागद गुंडाळलेले. लिनबाईंनी गोडी मोजली, फवारणीची वही पानापानाने पाहिली. शेवटची फवारणी आणि काढणी यांत नियमाने हवे त्याहून जास्त दिवस गेले होते. दस्तगीरभाई खुशीत आले. चार कंटेनरांची बोलणी ओठांवर होती.

चहाला घरी गेलो. हणमंतरावांच्या मंडळी, शालनमावशी, बशा मांडत होत्या. मी सहज म्हणाले, ‘मावशी, तुमची चंगळ आहे, हवी तेवढी द्राक्षं खायची!’

‘छ्या! त्यातली कुठं खातुया आमी? घरामागं तीन येल हायत बिनऔषदाचं. नातवंडास्नी त्येच.’

हणमंतरावांनी कप खाली ठेवला. दस्तगीरभाईंचा चेहरा उतरला. आणि लिनबाईंनी विचारलं, ‘काय म्हणाली?’

‘मुग्धाताई,’ दस्तगीरभाई हळू आवाजात, पण चेहऱ्यावर पुन्हा हसू आणून म्हणाले, ‘चाबद्दल बोलली म्हनावं. धा घरांचा हंगाम हाय ह्याच्यावर. पाया पडतो.’

खोटं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. चिनीत ते तीन शब्दांचं आहे. समोर साठीचा माणूस माझ्यापुढे हात जोडण्याच्या बेतात होता, आणि शालनमावशींना आपण काय बोलून बसलो ते आत्ता कळत होतं. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं. पण त्या माझ्याकडेच बघत होत्या. नको म्हणत नव्हत्या.

मी शब्दन्‌शब्द सांगितलं.

लिनबाई उठल्या आणि सरळ घरामागे गेल्या. आम्ही मागोमाग. तीन वेल, द्राक्षं बारीक, काही मणी करपलेले. हणमंतराव बागेत जाऊन एक घड तोडून आले आणि आमच्यासमोर, न धुता, मूठभर मणी तोंडात कोंबले.

‘म्हना त्यास्नी! म्या खातो. हे बगा!’

मी भाषांतर केलं. लिनबाई शांतपणे म्हणाल्या, ‘माझ्या वडिलांनीही खाऊन दाखवली होती. व्यापाऱ्यासमोर.’

हे मी मराठीत सांगितलं तेव्हा हणमंतरावांचा जबडा हलायचा थांबला. मग लिनबाई शालनमावशींकडे वळल्या. ‘वहीत सगळं ठीक आहे. तरी मुलांना का देत नाही?’

‘आमाला म्हाईत हाय, वहीत बरूबर हाय,’ मावशी म्हणाल्या. ‘पर पाठीवर पंप घिऊन ह्ये आत जात्यात, अन्‌ घरी आल्यावर त्येंच्या कापडांचा वास म्या धुते. त्यो वास नाकातनं जात न्हाई, बाई. मग पोरांच्या हातात कसं द्यायचं?’

मी हेही सगळं सांगितलं. लिनबाईंनी दोन पिशव्या मागितल्या, एकीत बागेतला घड, दुसरीत घरामागचा. ‘दोन्ही तपासायला देणार,’ एवढंच बोलल्या. परतीच्या वाटेवर तासगावात उतरताना दस्तगीरभाई मला म्हणाले, ‘तुमी तुमचं काम क्येलं, ताई.’ कौतुक नव्हतं त्यात.

पुण्यात आल्यावर दहा दिवस मी त्या निकालाचीच वाट पाहत होते. बागेतल्या घडातही मर्यादेबाहेरचं काही निघालं नाही. लिनबाईंनी चारऐवजी एकच कंटेनर घेतला, देवनागरी पेट्यांत, तोही हणमंतरावांच्या बागेचा. बाकीच्या नऊ घरांचा माल नेहमीच्या बाजारात गेला. दस्तगीरभाईंनी माझं मानधन दुसऱ्या दिवशीच धाडलं, पण फोन आजतागायत केलेला नाही. त्या नऊ घरांतलं एकही मी पाहिलेलं नाही, आणि माझ्या एका वाक्याने त्यांचं काय झालं ते मला नीटसं ठाऊकही नाही. मला झोपताना तेच आठवतं. मंडईत फळं घेताना मी अजूनही विक्रेत्याला तो प्रश्न विचारू शकलेले नाही. विचारला आणि तो गप्प झाला तर काय करायचं, हे मला सुचत नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. शालनमावशी होत्या. लेकाला सांगून दस्तगीरभाईंकडून माझा नंबर मिळवला होता. मी घाईघाईने माफी मागू लागले.

‘आवं, माफी कशापायी?’ त्या म्हणाल्या. ‘तुमी तवा बोलला त्येच ब्येस झालं. आमच्या घरात ह्यो इषय कवाच निगत नव्हता. आता ह्ये रोज सांजचं स्वताहून इचारत्यात, वास येतोय का गं अजून?’