ठेवा, जाईल

कुणी पार्सल पुढे केलं की चाचा ते आधी तळहातावर घेत, हलकेच खालीवर करत, क्षणभर डोळे मिटत आणि म्हणत, "ठेवा, जाईल."

सौदीतल्या जुबैलमधल्या आम्हा मराठी माणसांत ज्याचं पार्सल चाचांच्या बॅगेतून गेलं नाही, असा माणूस मला दाखवा. चाचा रायगडच्या किनाऱ्यावरचे, एका कंत्राटदाराकडे स्टोअरकीपर. रजेवर जाताना त्यांच्या बॅगेत आमचे खजूर, दूध पावडर, कुणाच्या आईच्या गुडघ्यांचं मलम. येताना आमचाच मसाला, सुकट, कोकम. स्वतःचे कपडे हातातल्या पिशवीत. मी एकदा विचारलं, "चाचा, तुमच्या घरी काय नेता?"

"मी जातो ना गो बाय. अजून काय हवं त्यांना?"

दुसरा नाद एका सिनेमाचा. वेल्सचा एक इंजिनिअर निवृत्त होऊन जाताना ती डिस्क त्यांना देऊन गेला होता. दर हिवाळ्यात एका शुक्रवारी आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर चादर बांधून चाचा तो दाखवत. जुन्या काळातलं वेल्सचं एक खेडं. गावची गाणारी मंडळी स्पर्धेला निघते, आणि ऐन वेळी खर्जात गाणारा म्हातारा पाय मोडून बसतो. मग सगळं गाव त्याला खुर्चीसकट उचलून डोंगरापलीकडे नेतं. वाटेत भांडतं, त्याला चिखलात पाडतं, पुन्हा उचलतं. पोचेपर्यंत परीक्षक घरी गेलेले असतात. मंडळी मेंढ्यांसमोर गाते.

चाचांना इंग्रजी जेमतेम, पण समालोचन अखंड. "बघा, छपरं उतरती, पाऊस तसाच, चहाड्याही तशाच. आमचाच गाव. फक्त मासळी नाही."

मुलं ओरडत, "चाचा, दे आर नॉट सेइंग दॅट!"

"तू ऐकू नको. बघ."

खुर्ची उचलतात तिथे मात्र ते गप्प होत. आम्हीही. बायका डोळे पुसत, पुरुष घसा खाकरत. मग बिर्याणी.

गेल्या वर्षी चाचांना अर्धांगाचा झटका आला. मी ज्या वॉर्डात नर्स आहे, तिथेच त्यांना आणलं. उजवी बाजू गेली. तोंडातून दोनच शब्द धड निघत, 'घर' आणि 'ठेव'. 'घर' ते दिवसभर म्हणत. डॉक्टर म्हणाले, विमानाने जाऊ शकतील, पण सोबत कुणीतरी हवं. दोन्ही तिकिटं कंपनी देणार होती. त्यांची बायको स्वतःच काठी घेऊन चालते, ती येणं शक्य नव्हतं. पोचवायचं आणि परत यायचं, एवढंच काम.

मी ग्रुपवर निरोप टाकला. हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. कुणीतरी त्या सिनेमातल्या खुर्चीचा फोटो टाकला. त्याखाली लाल बदाम. नाव एकाचंही आलं नाही.

मग मी फोन केले. एकाची शिफ्ट बदलत नव्हती. एकाची रजा पुढच्या ईदसाठी राखलेली होती. आमच्या इमारतीतले सुपरवायझर म्हणाले, "सिस्टर, मला ना आजारी माणसाकडे बघवत नाही. मी फार हळवा आहे." हळवेपणाचा असा उपयोग मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

शेवटी मीच रजा टाकली. त्यात मोठेपणा नाही. मला अशा रुग्णाला उठवता-बसवता येतं.

ही बातमी मात्र लगेच पसरली. संध्याकाळी भेटीच्या वेळेत वॉर्डात गर्दी. मला वाटलं, निरोप द्यायला आलेत. प्रत्येकाच्या हातात पार्सल होतं. ब्लँकेट, ऑलिव्ह तेल, चॉकलेटं.

"दोघांचं वजन मिळेल ना, सिस्टर? चाचांचं स्वतःचं असं काय सामान असणार?"

आयुष्यभर मी लोकांची घाण साफ केली आहे. किळस मला त्या संध्याकाळी आली. मी सगळ्यांना पार्सलांसकट बाहेर काढलं. सुपरवायझर तेवढे पलंगापाशी पोचले होते, खजुराचा खोका घेऊन. चाचांनी डाव्या हाताने तो उचलायचा प्रयत्न केला. उचलला गेला नाही. तरी डोळे मिटले आणि म्हणाले, "ठेव."

मला त्यांच्या चांगुलपणाचाही संताप आला. पण खोका आमच्यासोबत आला. विमानभर तो त्यांच्या मांडीवर होता; हवाई सुंदरीने वर ठेवते म्हटलं तर त्यांनी सोडला नाही. मुंबईला सुपरवायझरांचा भाऊ न्यायला आला होता. त्याने खोका घेतला, "एवढाच?" म्हणाला आणि गेला. व्हीलचेअर बाहेर ढकलायला मला हमाल शोधावा लागला. चाचांचा पुतण्या गाडी घेऊन पुढे उभा होता. गाडीत बसवल्यावर चाचांनी माझा हात धरला. मी म्हटलं, "जाईल, चाचा. आता घरीच जाईल गाडी." ते एका बाजूने हसले.

पावसाळ्यात ते गेले.

या हिवाळ्यात त्यांच्या आठवणीत तोच सिनेमा ठेवला होता. चादर नवी होती. सुपरवायझरांनी भाषण केलं, "चाचा म्हणजे आपलं गाव होतं." खुर्ची उचलली तेव्हा पुन्हा सगळ्यांनी डोळे पुसले. समालोचन करणारं कुणी नव्हतं, त्यामुळे मुलं फोनवर होती.

बिर्याणीच्या रांगेत सुपरवायझर माझ्यामागे उभे राहिले. "सिस्टर, पुढच्या महिन्यात जाताय असं ऐकलं. आईसाठी एक छोटंसं..."

पार्सल त्यांच्याकडे तयारच होतं. मी ते तळहातावर घेतलं, हलकेच खालीवर केलं. फार जड नव्हतं.

"न्या परत," मी म्हटलं. "नाही जाणार."