महालक्ष्म्या झाल्यावर

मोरेश्वर घाटोळेने उभ्या आयुष्यात कुणाला तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. नाही म्हणायची त्याची रीत वेगळी होती. तो म्हणायचा, 'झाल्यावर'. साळ्याच्या गृहप्रवेशाला जायचंय? सीझन झाल्यावर. दुखरी दाढ काढायचीय? पोळा झाल्यावर. सक्करदऱ्याला त्याचं कूलरचं दुकान होतं आणि घर हुडकेश्वरला. दोन्हीकडच्या माणसांना त्याची ही सवय पाठ होती. कुणी रागावत नसे, कारण एप्रिलच्या मध्यात कुणाचा कूलर बंद पडला की हाच माणूस हातातला घास ठेवून पंप आणि पाना घेऊन धावत यायचा. नागपुरात एवढं केलं की माणसाचे बाकीचे गुन्हे माफ असतात.

त्याची बायको वंदना एका खाजगी दवाखान्यात सिस्टर होती. मुलगी गुंजन लग्न होऊन नाशिकला गेली. मुलगा आयुष कॅनडाला गेला. तो गेला त्या आठवड्यात वंदनाने सवयीने अर्धा किलो वांगी आणली आणि ती दोघांनी तीन दिवस खाल्ली. चौथ्या दिवशी तिने लहान कढई घेतली आणि मोठी माळ्यावर टाकली. तेव्हाच तिच्या मनात काहीतरी हललं असावं. महिन्याभरात तिची जुनी मैत्रीण सोनिका हिचा हिमाचलमधून फोन आला. पालमपूरजवळ एका ट्रस्टच्या दवाखान्यात मेट्रन पाहिजे होती, राहायला क्वार्टरही मिळणार होतं. वंदनाने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी जेवताना विषय काढला.

"चला न जी, जाऊ आपण. पाच-सहा वर्षं राहू. मंग येऊ परत, म्हातारे व्हायले."

मोरेश्वरने वरणात भात कालवला, मिरची शोधली, ती ताटातच होती. "हिमाचलात कूलर कोण घेईल वं?"

"कूलर नाई तर हीटर दुरुस्त करा. यंत्र ते यंत्रच. नाई तर काहीच करू नका, बसा पहाड पाहत. तीस वर्षं उन्हात फिरले न."

"अन् महालक्ष्म्या?"

हा प्रश्न साधा नव्हता. विदर्भात भाद्रपदात घरोघरी महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसतात. तीन दिवसांच्या पाहुण्या. पहिल्या दिवशी येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. घाटोळ्यांकडचे दोन पितळी मुखवटे आजीच्या वेळचे, आणि घरची एक सक्त रीत होती: घाटोळ्यांच्या महालक्ष्म्या गावाची शीव ओलांडत नाहीत. मोरेश्वरच्या आईने ही रीत आयुष्यभर सांगितली होती.

"त्याईलेबी घेऊन जाऊ," वंदना म्हणाली.

"शीव ओलांडत नाई न त्या."

वंदनाने ताटं उचलली. नळाखाली ती बराच वेळ एकच ताट घासत राहिली. मग बाहेर येऊन म्हणाली, "मी हो म्हणून सांगून राहिली ट्रस्टवाल्याईले. तुमी येता न?"

"येतो न. सीझन झाल्यावर."

ती मार्चमध्ये गेली. गल्लीतल्या लोकांनी स्टेशनवर जाऊन हार घातला, शेजारच्या शोभाताई रडल्या. मोरेश्वरला मात्र सीझन आडवा आला होता, म्हणजे खरंच आला होता. त्या वर्षी ऊन असं तापलं की त्याला दुपारी जेवायलाही सवड नव्हती. घराघरांतून गेल्या वर्षीचे कूलर निघत होते, त्यांच्या टाक्या घासायच्या, नव्या गवताच्या ताट्या बसवायच्या, पंप बदलायचे. अंग मोडून यायचं, पण त्याला बरं वाटायचं. गिऱ्हाइकं विचारायची, "बहिनी तिकडं, तुमी इकडं? कसं करता जी जेवायचं?" तो म्हणायचा, "जातोच आहे मीबी." म्हणताना त्याला ते खरंच वाटायचं. खोटारडा माणूस नव्हता तो.

जूनमध्ये गुंजनकडे जाता-जाता वंदना चार दिवस घरी आली. केस कापले होते, गालांवर जरा रंग आला होता. तिने बर्फाचे फोटो दाखवले, दवाखान्याच्या मागच्या चहाच्या मळ्याचे दाखवले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "साखरेचा डबा कुठी ठेवला जी?" मोरेश्वरने बाहेरूनच सांगितलं, वरच्या फळीवर. तिने चहा केला, दोघांनी तो पेपर वाचत घेतला. जाताना ती एवढंच म्हणाली की थंडीआधी या, रस्ते बरे असतात.

पाऊस सुरू झाला, कूलर बंद झाले, दुकानात माश्या घोंगावायला लागल्या. आता सीझन आड येत नव्हता. म्हणून पोळा आला. पोळा सरला तेव्हा वंदनाचा फोन आला, आणि तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

"महालक्ष्म्याले मी येऊन नाई राहिली. सुट्टी मागतली तर भेटल, पण मी मागतच नाई. तुमाले इथी यायचंच नसल तर तसं सांगा जी एकदाचं. मी समजावीन माह्या मनाले. अशी दोन घरं लोकाची राहतातच. पण लटकवून ठेवू नका."

मोरेश्वरला सांगायचं होतं की असं बोलू नको. तोंडातून निघालं, "महालक्ष्म्या झाल्यावर सांगतो." पलीकडून फोन ठेवला गेला. त्याला पहिल्यांदाच कळलं की ह्या वेळी 'झाल्यावर' म्हणजे खरोखर शेवटची तारीख आहे. नाही म्हटलं तर बायको त्याला काही बोलणार नाही, भांडणार नाही, फक्त हळूहळू परक्यासारखी गोड वागायला लागेल. भांडणापेक्षा त्याला त्याचीच भीती जास्त वाटली.

महालक्ष्म्या त्याने एकट्याने मांडल्या. म्हणजे शोभाताई होत्या, पण त्या सांगायला. दोन लोखंडी सांगाड्यांना लुगडी नेसवताना त्याच्या निऱ्या तीनदा सुटल्या आणि शोभाताईंनी तिन्ही वेळा डोक्याला हात लावला. "घाटोळेजी, ताटी नाई बसवायची कूलरले. देवी हाय ते." मुखवटे चढले, दागिने घातले, वर करंज्या-पुऱ्यांचा फुलोरा बांधला, पुढे महालक्ष्म्यांची दोन बाळं ठेवली. बाळं ठेवताना त्याच्या मनात आलं: देवीचीसुद्धा बाळं दरवर्षी आईपुढे येऊन बसतात, आणि आपली व्हिडिओ कॉलवर. मग त्याने स्वतःलाच समजावलं की आपण काही देवी नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. आंबील, पुरणपोळ्या, सोळा भाज्या, कढी, वडे. गल्लीतल्या बायांनी मिळून रांधलं, म्हणून निभावलं. संध्याकाळी आरतीनंतर पंगती बसल्या आणि उठल्या. शेवटी घरात तिघंच राहिली: मोरेश्वर, शोभाताई आणि मनकर्णा आत्या. आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची धाकटी बहीण. ऐंशी ओलांडलेली, भिंतीला टेकून पाय पसरून बसलेली, तोंडात सुपारी. डोळे गेले होते, जीभ शाबूत होती.

शोभाताई पदराने वारा घेत म्हणाल्या, "बाई नसून बी केलं बाप्पा तुमी. कौतुक हाय."

"काय करता," मोरेश्वर म्हणाला. "म्हणून तर जाता येत नाई न मले. ह्या शीव ओलांडत नाई."

"कोण म्हणते गा?" आत्याने विचारलं.

"आपल्या घरची रीत हाय न आत्या. माय सांगे."

आत्या हसली. दात नसलेल्या तोंडाने ती अशी हसली की शोभाताईंचा पदर हलायचा थांबला. "तुही माय सांगे! अरे बापू, हे मुखवटे माह्या मायच्या माहेरचे, मुलताईचे. तिले भाऊ नव्हता, मून तिच्या बापानं तिच्यासंगं पाठवले. बैलाच्या रेंगीत बसून आली ते, मांडीवर घेऊन. नदी ओलांडली, घाट ओलांडला. अन् तू सक्करदऱ्याच्या जुन्या घरून इथी आणल्या तवा काय केलं? हुडकेश्वर तवा नागपुरात कुठी होतं?"

मोरेश्वर ओशाळून हसला. "मंग माय असं काहून सांगे?"

आत्याने सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "तुह्या बापाले, चंपतले, भिलाईच्या कारखान्यात नोकरी लागली, तवा क्वार्टर भेटलं होतं. दोन खोल्या अन् पुढं अंगण. तो दोनदा आलता तुमाले नेयाले. तुही माय म्हणे, मी आली असती, पण महालक्ष्म्या येत नाई शिवेपार. आता देवीपुढं कोण बोलते? गेला गुपचूप परत. तिले भेव वाटे बापू. तिथी समदे हिंदी बोलणारे, आपलं कोणी नाई, कसं निभल. पण भेव वाटते असं म्हणाले तिले लाज वाटे. मून देवीवर ढकललं."

"हे तुले कोणी सांगतलं?"

"तिनंच. शेवटच्या दुखण्यात. म्हणे, मनकर्णा, मी त्याईले एकटं ठेवलं."

शोभाताई उठून भांडी गोळा करायला लागल्या. मोरेश्वर तिथेच बसून राहिला.

त्याचे वडील चंपतराव वर्षातून तीन-चारदा भिलाईहून यायचे, पिशवीत कारखान्याचे साबण आणि टॉवेल घेऊन. लहानपणी मोरेश्वर त्यांना पाहून आईच्या मागे लपायचा. मग एकदा ते निवृत्त होऊन कायमचे घरी आले. तेव्हा मोरेश्वर चांगला कमावता होता, आणि त्याने हे स्वतः पाहिलं होतं: वडील स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभे राहून विचारायचे, "पाणी घेऊ का?" आई म्हणायची, घ्या न, घर तुमचंच हाय. ते पाणी घ्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे. त्या घरात कुणी त्यांच्याशी कधी वाईट वागलं नाही. वारले तेही कुणाला त्रास न देता, सभ्य पाहुण्यासारखे. मोरेश्वरला वाटायचं, बाबांचा स्वभावच तसा. आता त्याला वंदना दिसली, फळीपुढे उभी राहून साखरेचा डबा विचारणारी. तीन-चार महिन्यांत ती तिथवर आली होती. वडिलांना वीस वर्षं लागली असतील.

आणि त्याला स्वतःची लाज वाटली. आईला निदान हे माहीत होतं की आपण घाबरतोय. त्याला तेवढंही माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी, महालक्ष्म्या उठवायच्या आधी, त्याने वंदनाला फोन लावला. ती ड्युटीवर निघायच्या गडबडीत होती.

"जेवायले किती पानं झाली जी?" तिने विचारलं. रीतीप्रमाणे पहिला प्रश्न तोच असतो.

"लई झाली. पुरण कमी नाई पडलं. ऐक न वंदना." पुढचं बोलणं त्याने रात्रभर जुळवलं होतं आणि आता तो ते सगळं विसरून गेला. "मले भेव वाटते वं."

"कायचं?"

"तिथी येयाचं. इथी मले रस्त्यानं जाताना दहा जण हात दाखवतात. तिथी मी कोण? सिस्टरचा नवरा. थंडीत घरात बसून राहणारा. बायको कामाले जाईल अन् मी खिडकीतून पाहीन. म्हणून मी टाळून राहिलो. सीझन नाई, पोळा नाई, महालक्ष्म्या नाई. तसं कायबी नव्हतं. मलेच भेव वाटत होतं."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

मग वंदना म्हणाली, "मलेबी वाटते जी. रोज वाटते. सकाळी उठली का पहिले वाटते, मी इथी काय करून राहिली. इथल्या बाया बोलतात ते मले अर्धं समजत नाई. दोनदा सामान भरलं होतं मी."

मोरेश्वरला हे कधी सुचलंच नव्हतं. बर्फाच्या फोटोत ती हसत होती, त्यावरून तो धरून चालला होता की भीती त्याच्या एकट्याच्या वाट्याला आली आहे.

"मंग परत काहून नाई आली?"

"तुमी येतो म्हणाले होते न. तुमी आले अन् मी इथी नसली तर?"

मोरेश्वरला रडू आलं. शोभाताई दारात हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभ्या होत्या, त्यांच्यासमोरच आलं, आणि त्याने ते आवरलं नाही. "येतो," तो म्हणाला. "ह्या दोघींले घेऊन येतो. ह्याच आठवड्यात तिकीट काढतो."

वंदनाने नाक ओढल्याचा आवाज आला. मागून कुणीतरी तिला हिंदीत हाक मारत होतं. ती हाक मारणाऱ्याला दोन मिनिटांत येते म्हणाली, आणि मग पुन्हा फोनवर आली तेव्हा तिचा आवाज वॉर्डातल्या सिस्टरचा झाला होता.

"गरम कपडे हायेत का तुमच्याजवळ?"

"एक स्वेटर हाय. आयुषचा जुना."

"मंग तिथी घेऊ नका. इथी चांगले भेटतात, आपण दोघं जाऊन घेऊ."